चेहरा ज्यूंचा, साज मराठी

जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात काही परकीय माणसांची चित्रे आहेत. डोक्यावर टोकदार टोपी, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, हनुवटीवर दाढी. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात त्यांतील एका चित्राचा संबंध इराणचा राजा दुसरा खुस्रो आणि चालुक्य सम्राट पुलकेशी यांच्याशी जोडला. ते चित्र इराणी वकिलातीचे आहे, हे त्याचे मत पुढे फारसे टिकले नाही. लेणे त्याहून जुने आहे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. वाद काहीही असो, एक गोष्ट मात्र प्रेक्षकाला चटकन कळते. परका माणूस ओळखू यावा यासाठी अजिंठ्याच्या चित्रकाराने टोपी आणि दाढी यांचा आधार घेतला, आणि तो पुरेसा ठरला.

मध्ययुगीन युरोपातील चित्रकारांनी ज्यू माणूस दाखवताना हीच युक्ती वापरली, आणि तीही टोकदार टोपीचीच. इ. स. १२१५ मध्ये रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यू व मुसलमान यांनी ख्रिश्चनांपेक्षा वेगळा ओळखू येईल असा वेश करावा, असा नियम केला. टोपी, कापडाचा पिवळा तुकडा, विशिष्ट रंगाचा झगा, असे त्याचे देशोदेशी निरनिराळे अवतार झाले. म्हणजे ज्यू कसा दिसतो हे आधी कायद्याने ठरवले आणि मग चित्रकारांनी ते भिंतींवर आणि पोथ्यांत रंगवले. या पार्श्वभूमीवर इ. स. १३०० च्या सुमारास दक्षिण जर्मनीत एका ज्यू लेखनिकाने तयार केलेली एक पोथी फार विलक्षण वाटते. ती सध्या जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा पेसाह या सणाच्या रात्री घरोघर वाचतात, त्या वाचनाच्या पुस्तकाला ‘हागादा’ म्हणतात. या हागादातील माणसांना धड माणसाचे आणि डोके पक्ष्याचे आहे. चोच आहे, आणि तिच्या वर तीच सक्तीची टोकदार टोपी. असे का केले असावे, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. मानवी चेहरा काढण्याची धार्मिक धास्ती हे त्याचे सर्वात सरळ स्पष्टीकरण.

ही धास्ती दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेतून येते. कोरीव मूर्ती करू नकोस, तिच्यापुढे नमू नकोस, असा तिचा आशय. पण तिचा अर्थ ज्यू समाजाने सर्वकाळ एकाच कडकपणे लावला, असे समजणे चुकीचे ठरेल. सीरियातील दुरा युरोपस येथे तिसऱ्या शतकातील एक प्रार्थनामंदिर उत्खननात सापडले. त्याच्या भिंतींवर मोझेसपासून एस्तेरपर्यंत सगळी बायबलची पात्रे चेहऱ्यांसह रंगवलेली आहेत. निषेध होता तो पूजेचा. चित्राला कुठवर जाऊ द्यायचे, हे दर पिढीने आपल्या शेजाऱ्यांकडे पाहून ठरवले. हे शेजाऱ्यांकडे पाहणे आपल्याला पुढे महाराष्ट्रातही दिसणार आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पश्चिम युरोपातील देश ज्यूंना हळूहळू नागरिकत्वाचे हक्क देऊ लागले. त्यासोबत एक अलिखित अट आली. घरात ज्यू रहा, रस्त्यावर मात्र आमच्यासारखे दिसा. मोरिट्झ ओपनहाइम (१८००-१८८२) हा आधुनिक कलाशिक्षण घेतलेला पहिला महत्त्वाचा ज्यू चित्रकार मानला जातो. त्याने १८३३-३४ मध्ये काढलेल्या एका चित्रात नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून परतलेला तरुण ज्यू सैनिक आपल्या घरी बसला आहे. घर पारंपरिक आहे, शब्बाथचा दिवस आहे. सैनिकाच्या छातीवर लष्करी पदक आहे, आणि ते पदक क्रूसाच्या आकाराचे आहे. म्हाताऱ्या वडिलांची नजर नेमकी त्यावर खिळली आहे. मुलगा देशासाठी लढला याचा अभिमान आणि हे पदक घरात आले याची अस्वस्थता, दोन्ही त्या नजरेत आहेत. अल्पसंख्याकाची अवघड जागा इतक्या संयमाने दाखवणारी चित्रे फार नाहीत.

पुढे ही अट शरीरापर्यंत पोहोचली. वंशवादी व्यंगचित्रांनी ज्यू नाकाचा एक साचा तयार केला होता. वास्तविक असे काही खास नाक नसतेच, पण साच्याला वास्तवाची गरज नसते. बर्लिनमध्ये जॅक जोसेफ या शल्यचिकित्सकाने १८९८ पासून नाकाचा आकार बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. तो स्वतः ज्यू होता. हॉलिवूडमध्ये हेच काम नावांवर झाले. इमॅन्युएल गोल्डनबर्ग एडवर्ड जी. रॉबिन्सन झाला, इसुर डॅनिएलोविच कर्क डग्लस झाला, बर्नार्ड श्वार्ट्झ टोनी कर्टिस झाला. पडद्यावर दिसायचे तर होते, पण ज्यू म्हणून दिसायचे नव्हते.

दिसू नये म्हणून केलेली ही सगळी धडपड नाझी राजवटीने एका फटक्यात निकामी केली. फेलिक्स नुसबाउम हा जर्मन ज्यू चित्रकार ब्रुसेल्समध्ये लपून राहिला होता. १९४३ च्या सुमारास त्याने काढलेल्या आत्मचित्रात कोटाची कॉलर वर केलेला, भिंतीच्या कोपऱ्यात अडकलेला माणूस आपल्याला ओळखपत्र दाखवतो आहे. पत्रावर फ्रेंच आणि फ्लेमिश अशा दोन्ही भाषांत ‘ज्यू’ असा शिक्का आहे आणि कोटावर पिवळा तारा. आपण प्रेक्षक जणू तपासणीला आलेले पोलीस आहोत. १९४४ च्या जुलैअखेर नुसबाउमला आउशविट्झकडे जाणाऱ्या गाडीत चढवण्यात आले. तो परतला नाही. युद्धानंतरच्या पिढीने याच जखमेला वेगळ्या रीतीने हात घातला. आर्ट स्पीगेलमन याच्या ‘माउस’ या चित्रकथेत ज्यू उंदीर आहेत आणि जर्मन मांजरी. नाझी प्रचाराने वापरलेली शिवीच त्याने मुखवटा म्हणून चढवली. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पक्ष्याच्या डोक्याच्या त्या जुन्या पोथीची आठवण येथे अनेकांना झाली असेल. आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युइश म्युझियमने तर ‘टू ज्युइश?’ असे प्रश्नार्थक नाव देऊन प्रदर्शनच भरवले. जास्तच ज्यू दिसतो का आम्ही, हा त्याचा रोख.

आता आपल्याकडे वळू. खानदेशातील सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘ज्यू’ म्हटले की काय येते? दुसऱ्या महायुद्धावरील इंग्रजी चित्रपट, काळा झगा आणि लांब दाढीतला धर्मगुरू, वर्तमानपत्रातील इस्रायलची छायाचित्रे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर ही आडनावे मात्र डोळ्यांपुढे येत नाहीत. बेने इस्रायल म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’ या नावाने ओळखला जाणारा समाज शतकानुशतके कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत राहिला. घरी मराठी बोलला, मराठी जेवला, मराठी नेसला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही त्यांची मूळकथा आहे. ती इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या, हे नमूद करायला हवे.

कोकणात त्यांचा मुख्य धंदा तेलाचा घाणा चालवण्याचा होता. शेंगदाणा आणि तिळाच्या खानदेशाला घाण्याचे काय ते सांगायला नको. शनिवारी शब्बाथ म्हणून घाण्याचा बैल सोडून ठेवणारे ते ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेलीही कोकणात होतेच. त्यामुळे शेजाऱ्यांना यात धर्मभेद असा काही दिसला नाही. आठवड्याचा एक वार पाळणारी आणखी एक जात, एवढेच दिसले. त्यांच्या दिसण्यातही वेगळेपणा शोधावा लागे. नावे मराठी वळणाची झाली होती. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. सणांची नावेही घरचीच होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण. यांपैकी शेवटचा म्हणजे योम किप्पूर. त्या दिवशी दार लावून उपास करायचा आणि बाहेर कोणाशी संपर्क ठेवायचा नाही, म्हणून हे नाव. हायम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजेतिहासात हा सारा तपशील आस्थेने नोंदवला आहे. किहीमकरांचा हेतू साधा नव्हता. आपण कोण, हे जगाला आपणच सांगितले पाहिजे, याची त्यांना निकड होती. कारण तोवर ते काम मिशनरी आणि गोरे अधिकारी करत होते.

त्या काळचे छायाचित्रण हे त्याचे चांगले उदाहरण. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात मुंबईतील जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. मुंबईचे ज्यूही त्यांत आहेत. जॉन्सनची रीत अशी, की माणसांना स्टुडिओत उभे करून त्यांची छायाचित्रे घ्यायची, मग ती कापून दुसऱ्याच एखाद्या जागेच्या छायाचित्रावर चिकटवायची. माणूस खरा, जागा खरी, पण माणूस त्या जागी कधी उभाच नव्हता.

याच्या शेजारी १८७४ मध्ये पुण्यात छापलेला हागादा ठेवून पाहावा. हिब्रू मजकूर आणि त्याचा मराठी अनुवाद अशी त्याची मांडणी आहे. त्याआधी १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर एक मराठी हागादा निघाला होता, पण पुण्याच्या आवृत्तीचे वेगळेपण तिच्या चित्रांत आहे. पेसाहच्या सणासाठी बिनखमिराची भाकर करायची असते. ती करणाऱ्या बायका या चित्रांत भारतीय वेशात आहेत, साडीत आहेत, स्वयंपाकही आपल्याकडच्यासारखा जमिनीलगत चालला आहे. युरोपातील कोणत्याही हागादात असे चित्र सापडणार नाही. जर्मन लेखनिकाने चेहरा टाळण्यासाठी पक्ष्याची चोच काढली, पुण्याच्या छापखान्याने मात्र शेजारच्या आळीत दिसणारी बाई काढली. अमुक एक वेश म्हणजे ज्यू, हे कोणी त्यांच्यावर लादलेले नव्हते. त्यामुळे स्वतःचे चित्र काढताना लपवण्यासारखेही काही नव्हते. भारतात ज्यूद्वेषाचा स्थानिक इतिहास नाही, हे वाक्य आपण अभिमानाने नेहमी ऐकतो. त्याचा पुरावा म्हणून मला शिलालेखांपेक्षा हे साधे चित्र अधिक पटते.

आणखी एक चित्र बेने इस्रायलांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या दिसत आले आहे, ते एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे. बायबलनुसार हा प्रेषित अग्निरथातून स्वर्गात गेला. बेने इस्रायल परंपरा सांगते, की त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळा गावी टेकला होता. तेथील खडकावर चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. नवस बोलतात, तो फेडायला ‘मलिदा’ करतात. मलिद्यात पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे. मलिदा हा शब्द दर्ग्यावरचा, पोहे कोकणातले आणि प्रार्थना हिब्रू. घराच्या भिंतीवर प्रेषिताचे छापील चित्र लावतात, तेही शेजारच्या घरातील देवादिकांच्या तसबिरी पाहूनच आले असणार. त्या चित्राची पूजा कोणी करत नाही, त्याला हार घालून नमस्कारही करत नाही. दुसरी आज्ञा अशी पाळली जाते. पण भिंत मोकळीही राहत नाही!

मुंबईतल्या दुसऱ्या ज्यूंची कथा अगदी उलट दिशेने गेली. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादहून मुंबईत आले. अफू, कापूस आणि गिरण्यांच्या व्यापारात त्यांच्या घराण्याने अफाट पैसा मिळवला. ससून आयुष्यभर बगदादी वेशात वावरले. मुंबईच्या डेव्हिड ससून ग्रंथालयातील त्यांचा पुतळा त्याच पेहरावात आहे. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले आणि पुण्याच्या ‘लाल देवळा’च्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांचा मुलगा अब्दुल्ला मात्र इंग्लंडात सर अल्बर्ट झाला, आणि त्या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांची चित्रे जॉन सिंगर सार्जंट या लंडनच्या सर्वात महागड्या चित्रकाराने काढली. त्या तैलचित्रांत बगदादही नाही आणि मुंबईही नाही, आहे तो इंग्रज खानदानी थाट. या बगदादी ज्यूंनी बेने इस्रायलांना फार जवळ केले नाही. १८३६ मध्ये मुंबईच्या ज्यू दफनभूमीत दोहोंच्या मध्ये भिंत घालावी, असा अर्ज त्यांच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे केला होता. वर्ण हे त्यामागचे एक कारण. पण येथे बेने इस्रायलांना तरी निर्दोष कसे म्हणावे? त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता आणि दोहोंत बेटीव्यवहार नव्हता. जात नावाची गोष्ट आपल्या शेजाराने कोणालाही सहज लागते.

चित्रपटसृष्टीत मात्र ज्यू चेहरा या देशातील सर्वांत जास्त पाहिलेला चेहरा ठरला. ‘खाली मान घालणाऱ्या’ घरांतील हिंदू-मुसलमान मुली पडद्यावर येणे शक्य नव्हते, तेव्हा ही जागा प्रामुख्याने बगदादी ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरून काढली. पुण्यात जन्मलेली रुबी मायर्स ‘सुलोचना’ झाली आणि मूकपटांच्या काळात सर्वाधिक मानधन घेणाऱ्यांत गेली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ मध्ये तिने आठ भूमिका केल्या, त्यांत माळी, पोलीस, हैदराबादी सरदार आणि चक्क केळी विकणाराही होता. जळगावकरांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. एस्तेर अब्राहम ‘प्रमिला’ झाली आणि १९४७ मध्ये पहिली मिस इंडिया ठरली. फ्लोरेन्स इझिकेल ‘नादिरा’ झाली, ‘आन’ (१९५२) मधली राजकन्या आणि ‘श्री ४२०’ (१९५५) मधली माया. हॉलिवूडप्रमाणे नावे येथेही बदलली, पण कारण निराळे. तेथे ज्यू असणे झाकायचे होते. येथे झाकायचे होते ते परदेशी वाटणे. ज्यू म्हणजे काय हे प्रेक्षकाला ठाऊकच नव्हते, मग लपवायचे तरी काय? युसुफ खानला दिलीपकुमार व्हावे लागले, त्यामागची भीती या मुलींच्या वाट्याला आली नाही. सुलोचनाला १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

बेने इस्रायलांपैकी जोसेफ डेव्हिड पेणकर यांनी पहिल्या भारतीय बोलपटाचे, १९३१ च्या ‘आलम आरा’चे लेखन केले. आणि बुटक्या बांध्याचे, टकलाचे, हसऱ्या डोळ्यांचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर तर सर्वांच्या परिचयाचे. त्यांनी नाव बदलले नाही, फक्त आडनाव गाळले. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील त्यांचा जॉन चाचा ख्रिश्चन होता. हिंदी चित्रपटाने डेव्हिडला प्रेमळ ख्रिश्चन किंवा पारशी काका म्हणून भरपूर कामे दिली, पण चौल गावचा ज्यू म्हणून त्यांच्यासाठी एखादी भूमिका लिहावी, असे कोणाला सुचले नाही. स्वीकाराचीही एक किंमत असते.

ही किंमत खऱ्या अर्थाने चुकवावी लागली ती इस्रायलमध्ये. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. येथे कोणी त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली नव्हती. तेथे, ज्यूंच्या देशात, ती घेतली गेली. सुरुवातीच्या वर्षांत वर्णभेदाची वागणूक मिळते, अशी तक्रार करून काही जणांनी धरणे धरले आणि ते भारतात परतलेही. १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने निर्देश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूशी विवाह लावताना तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. घटस्फोट आणि दिराशी पुनर्विवाह यासंबंधीचे ज्यू धर्मनियम या समाजाने पूर्वी पाळले होते की नाही, ही शंका त्याचे अधिकृत कारण होती. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो प्रश्न अगदीच निराधार होता असे नाही. पण अशी चौकशी पोलंड किंवा रुमानियातून आलेल्या गोऱ्या ज्यूची होत नव्हती, हे बेने इस्रायलांना दिसत होते. ज्या चेहऱ्याने कोकणात त्यांना सामावून घेतले, तोच चेहरा जेरुसलेममध्ये आड आला. दोन वर्षे आंदोलन चालले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये स्त्री-पुरुष मुलाबाळांसह धरण्यावर बसले. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले, आणि त्यानंतर धर्मपीठालाही आपला निर्देश सौम्य करावा लागला.

या पार्श्वभूमीवर सिओना बेंजामिन यांची चित्रे पाहिली पाहिजेत. १९६० मध्ये मुंबईत बेने इस्रायल कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण कॉन्व्हेंट आणि पारशी शाळांत, चित्रकलेचे शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. याच जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. पुढे बेंजामिन अमेरिकेत गेल्या आणि न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाल्या. तेथे त्यांच्यापुढे एक चमत्कारिक अडचण आली. अमेरिकेत ज्यू म्हणजे पूर्व युरोपातून आलेला गोरा माणूस, असे चित्र पक्के झालेले. सावळ्या रंगाची, मराठी बोलणारी ज्यू बाई त्यात बसेना. भारतीय म्हणून पाहावे तर ती हिंदू नाही, ज्यू म्हणून पाहावे तर ती गोरी नाही. त्यांनी यावर रंगाचेच उत्तर काढले. आपल्या चित्रांतील स्त्रीला त्यांनी निळी केली.

हा निळा आपल्याला अर्थात कृष्णाचा वाटतो, आणि तो संबंध त्यांना मान्य आहे. पण त्यांच्या मते तो आकाशाचा आणि समुद्राचाही निळा आहे, जो कुठल्याच एका देशाचा नसतो. ज्यू परंपरेत प्रार्थनेच्या शालीच्या गोंड्यातील एक धागा निळा असावा अशी आज्ञा आहे, तोही अर्थ जाणत्याला लागतो. ‘फाइंडिंग होम’ या त्यांच्या दीर्घ मालिकेतील एका चित्रात ही निळी स्त्री बहुभुजा आहे आणि तिचे हात मेनोरा या ज्यू दीपवृक्षाच्या फांद्यांसारखे पसरले आहेत. मोगल लघुचित्रांची नक्षीदार चौकट, बायबलमधील सारा, हगार, लिलिथ अशा स्त्रिया आणि अमेरिकन कॉमिक्सची रेषा हे सर्व एका कागदावर येते. कधीकधी ते जरा जास्तच होते, प्रतीकांची गर्दी इतकी वाढते की चित्रापेक्षा त्याची फोड वाचण्यात वेळ जातो. पण उत्तम चित्रांत ती स्त्री प्रेक्षकाकडे थेट पाहते, आणि ‘तू नेमकी कोण?’ हा प्रश्न विचारणाऱ्यालाच अवघडायला होते.

मला स्वतःला त्यांचा २०११ च्या सुमाराचा उपक्रम अधिक मोलाचा वाटतो. फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन त्या भारतात आल्या, महाराष्ट्रातील आणि इतरत्रच्या बेने इस्रायल माणसांना भेटल्या, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि त्या छायाचित्रांभोवती, त्यांच्यावर रंगकाम करून व्यक्तिचित्रे केली. जॉन्सनने माणसे कापून परक्या जागी चिकटवली होती. येथे माणसाभोवती त्याने स्वतः सांगितलेल्या गोष्टी रंगवल्या आहेत. नंतर दुसऱ्या शिष्यवृत्तीवर त्यांनी हेच काम इस्रायलमध्ये जाऊन तेथील भारतीय ज्यूंबाबत केले.

याच मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेल्या अनिश कपूर यांनी नेमका विरुद्ध मार्ग धरला. त्यांची आई बगदादी ज्यू. आईचे वडील पुण्याच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना म्हणणारे हझान होते. लंडनवासी झालेले कपूर स्वतःला भारतीय चित्रकार किंवा ज्यू चित्रकार अशा कोणत्याच कप्प्यात बसवू देत नाहीत. त्यांच्या शिल्पांत माणसाची आकृती नसतेच. कोरडे रंग, पोकळ्या आणि आरसे असतात. शिकागोमधील त्यांच्या ‘क्लाउड गेट’ पुढे उभे राहिले की त्या चकचकीत पोलादात दिसतो तो बघणाराच. दुसऱ्या आज्ञेशी याचा संबंध जोडण्याचा मोह टीकाकारांना होतो. तो पूर्णपणे चुकीचा आहे असे म्हणवत नाही.

इकडे महाराष्ट्रात आता मोजकी कुटुंबे उरली आहेत. साऱ्या भारतातील ज्यूंची संख्याच पाच हजारांच्या आसपास आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत नरिमन हाउसवर हल्ला झाला आणि त्यानंतर प्रार्थनामंदिरांच्या दारात पोलीस पहारा आला. शतकानुशतके ज्या समाजाला ज्यू म्हणून दिसण्याची भीती माहीत नव्हती, त्याला ती बाहेरून आलेल्या बंदुकांनी दाखवली. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर शासकीय अर्जातल्या धर्माच्या रकान्यात त्यांना ‘इतर’ वर खूण करावी लागे.

अश्दोद, लोद, दिमोना या इस्रायली शहरांत बेने इस्रायलांची तिसरी-चौथी पिढी हिब्रू बोलते. मराठी ‘मायबोली’ हे त्यांचे नियतकालिक वाचू शकणारे तेथे कमी कमी होत गेले आहेत. पण लग्नाच्या आधीचा मेंदीचा कार्यक्रम मात्र थाटात होतो. ज्या आज्यांनी तेथे गेल्यावर इतरांसारखे दिसण्यासाठी साडी पेटीत ठेवली, त्यांच्या नाती त्या रात्री ती मुद्दाम नेसतात, हातभर हिरव्या बांगड्या भरतात, मलिद्याचे ताट पुढे ठेवतात आणि छायाचित्रे काढून घेतात.